आजोबांच्या नावाचं लाईटबिल

प्रति,
कोकणातल्या सामाईक घरांचे समस्त सहहिस्सेदार,
मुक्काम डोंबिवली, विरार, भांडुप, पुणे, मस्कत. आणि गावच्या घरात वर्षभर राहणारेसुद्धा.

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुळात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी लिहायला घेतलं होतं. गेल्या गणपतीनंतर आलेल्या लाईटबिलाचा फोटो मी त्या ग्रुपवर टाकला. तीन दिवस कोणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी एकाने जोडलेले हात पाठवले. दुसऱ्याने विचारलं, ‘‘बिल येवढा कसा काय इला?’’ तिसरा म्हणाला, ‘‘आमी सातच दिवस होतव, तितक्याच काय ता सांगा.’’ पुढचं लिहीत नाही. रात्री अकरापर्यंत चाललं होतं आणि शेवटी एकजण ग्रुप सोडून गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘ह्या तर आमच्याच घरातला सांगतस गो!’’ मग मी वाडीतली घरं मोजली. तेरा घरं, त्यातली नऊ सामाईक, आणि नऊच्या नऊ घरांत हाच वाद. म्हटलं, पत्र उघडंच लिहावं.

मी कणकवली तालुक्यात राहते. घर नवऱ्याच्या आजोबांनी बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे खळं, मागे विहीर. आजोबांना तीन मुलगे, दोन मुली. मुलगे तिघेही आता नाहीत. त्यांची मुलं-नातवंडं धरून हिस्सेदार किती हे मोजायला बसलं की सासूबाईंच्या हाताची बोटं संपतात. एरवी घरात आम्ही चौघं: सासूबाई, आम्ही दोघं आणि कॉलेजला जाणारी मुलगी. गणपतीत सोळा. मीटर एकच, तोही आजोबांच्या नावावर. आजोबा १९८७ साली गेले. नाव बदलायचं तर कोणाचं लावायचं, हा प्रश्न निघेल म्हणून एकोणचाळीस वर्षांत कोणी अर्ज केला नाही. बिल अजून त्यांच्या नावाने येतं आणि मी ते भरते.

आधी एक गोष्ट मान्य करू. हा वाद पैशाचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जो माणूस चतुर्थीच्या आदल्या रात्री खासगी बसच्या एका सीटला तिप्पट भाडं देऊन येतो, येताना मखराला नवं कापड, लायटिंगच्या चार माळा आणि मिठाईचे बारा बॉक्स आणतो, तोच माणूस बिलातल्या त्याच्या वाट्याच्या तीनशे ऐंशी रुपयांवर तासभर बोलतो. कंजूष म्हणावं तर तसा तो नाही. गेल्या साली सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा न मागता दहा हजार पाठवणारा हाच. मग बिलावर गाडी का अडते?

मला वाटतं, आपल्याकडे बिलाची पावती ही पावती राहिलेली नाही, ती पुरावा झालीय. जो भरतो तो उद्या घर आपलं म्हणेल, ही भीती. आणि जो भरत नाही त्याला दुसरी भीती: न भरल्याने आपला हक्क तर जात नाही ना? दोन्ही भीती एकाच घरात, एकाच देवघरासमोर बसून मोदक खातात.

आमच्याकडचंच सांगते. २०१६ साली घरपट्टीची पाच वर्षांची थकबाकी निघाली. कोणी भरायची यावर दोन गणपती गेले. शेवटी माझ्या नवऱ्याने एकदम भरून टाकली. त्याला वाटलं, कोणीतरी बरं म्हणेल. झालं असं की पंधरा दिवसांत मोठे भावोजी मुंबईहून आले, घरी न येता आधी ग्रामपंचायतीत गेले आणि असेसमेंटचा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढून मगच खळ्यात पाय ठेवला. चहा पिताना विचारलं, ‘‘पावतेर नाव कोणाचा घातलस?’’ नवऱ्याने पावती काढून दाखवली. आजोबांचंच नाव होतं. भावोजींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. त्या दिवशी माझा नवरा जेवला नाही.

पण आम्ही तरी कुठले सोवळे! दोन वर्षांपूर्वी विरारच्या पुतण्याने मुकाट्याने दोन महिन्यांचं लाईटबिल ऑनलाइन भरलं. बारा आकडी ग्राहक क्रमांक माहीत असला की बिल कुठूनही भरता येतं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मीही नेहमीप्रमाणे भरलं होतं. पुढचं बिल वजा आकड्यात आलं तेव्हा हे उघडकीला आलं. तेव्हा आम्ही त्याचे आभार मानायला हवे होते. नवरा रात्रभर कूस बदलत होता. ‘‘ह्येका आता काय व्हया?’’ एवढंच तो म्हणत होता. पोराला काही नको होतं. त्याला नोकरी लागली होती आणि आजीच्या घराला काहीतरी द्यावं असं वाटलं होतं. आम्ही त्याला तसं विचारलंच नाही, आणि त्याने पुन्हा कधी भरलं नाही.

आता या भीतीच्या मुळाशी काय आहे ते बघू. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, ज्याला आपण असेसमेंट म्हणतो, तो कर कोणाकडून वसूल करायचा याची नोंद आहे. मालकी त्याने ठरत नाही. कोर्टांनी हे इतक्या वेळा सांगितलंय की वकिलांना ते पाठ असतं: कराच्या नोंदीवरून मालकी हक्क निर्माण होत नाही आणि नाव नसल्याने जातही नाही. लाईटबिलाचं तर त्याहून सोपं. वीज कायदा २००३ मधलं कलम ४३ वीजजोडणी मागण्याचा हक्क मालकाला देतं तसाच नुसत्या राहणाऱ्यालाही देतं. म्हणजे मीटर नावावर असणं हा मालकीचा दाखला धरायचा तर अर्ध्या मुंबईतले भाडेकरू आज घरमालक झाले असते.

आणि ते बारा वर्षांचं. प्रत्येक वाडीत एक तरी जाणता माणूस असतो जो सांगतो, बारा वर्षं राहिला की घर त्याचं. परक्याच्या जमिनीत उघडपणे, मालकाचा हक्क झुगारून बारा वर्षं बसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. सहहिस्सेदारांत एकाचा ताबा हा कायद्याच्या नजरेत सगळ्यांचाच ताबा असतो. मी चाळीस वर्षं इथे चूल पेटवली म्हणून तुमचा हिस्सा माझा होत नाही. तो हिस्सा मी तुम्हाला उघड उघड नाकारला, तुम्हाला दारातून परत पाठवलं आणि तुम्ही पुढे बारा वर्षं गप्प बसलात, तर मग वकील गाठा. तुम्हाला तर मी दरवर्षी स्टेशनवर रिक्षा पाठवते.

तेव्हा भरणाऱ्याने निर्धास्त भरावं आणि न भरणाऱ्याने निर्धास्त झोपावं. हो, एक आहे: तुमच्या वाट्याचं मी भरलं तर ते तुमच्याकडून मागण्याचा हक्क मला आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ६९ त्यासाठीच आहे. तीनशे ऐंशी रुपयांसाठी कणकवलीच्या कोर्टाची पायरी चढणारी सून मात्र मी नव्हे.

याच ओघात आत्यांबद्दल बोलायला हवं, कारण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

बिल आलं की आमच्याकडे पहिलं वाक्य असतं, ‘‘तिघांनी वाटून घ्या.’’ तिघे म्हणजे तीन मुलग्यांची घराणी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून भागाकार तीननेच होतोय. आजोबांना मुलं पाच. घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं आणि मृत्युपत्र केलेलं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा घरात मुलींचा वाटा मुलग्यांइतकाच. त्या कायद्यात कलम २३ होतं: राहत्या घराची वाटणी मुलींनी स्वतःहून मागायची नाही, भाऊ वाटणी करतील तोवर थांबायचं. २००५ च्या दुरुस्तीने तेही गेलं, आणि वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला. मग बिल पाचने का भागत नाही? मी एकदा जेवताना विचारलं. सगळे हसले. मोठे भावोजी म्हणाले, ‘‘गो, आत्येकडसून पैशे घेवचे?’’ किती थोर मन! पण मला त्या हसण्याखालचं ऐकू आलं. आत्याकडून बिलाचे पैसे मागितले की तिचा हिस्सा आहे हे कबूल करावं लागतं. न मागण्यात आपुलकी कमी आणि हिशेब जास्त. तिला खर्चातून वगळायचं आणि त्याच झटक्यात घरातूनही.

थोरल्या आत्या गेल्या. धाकट्या वेंगुर्ल्याला असतात, वय ऐंशीच्या पुढे. दरवर्षी गौरीच्या दिवशी येतात, ओवसा (सुनांनी सुपं घेऊन गौरीला वाहायचा विधी) बघतात, जेवतात, संध्याकाळच्या एसटीने परत जातात. जाताना देवघरात दिव्याखाली पाचशेची नोट ठेवतात. ‘‘तेलाक,’’ म्हणतात. आमच्या सगळ्या घराण्यात सामाईक खर्चाला न मागता, न चुकता पैसे देणारी हीच एक व्यक्ती आहे. आणि तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

घरपट्टीवरून आठवलं. मुंबईकरांना वाटतं, घरपट्टी थकली तर काय होईल, फार तर नोटीस येईल. आमच्या वाडीत काय झालं ऐका. तिकडच्या घरातल्या मधल्या भावाने ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं. माणूस चांगला, मतंही होती. अर्ज भरायच्या दोन दिवस आधी कोणीतरी त्याच्या कानावर घातलं की घराची पट्टी थकलेली आहे आणि बिल बजावून तीन महिने होऊन गेलेत. तो म्हणाला, ‘‘माझ्या वाट्याची मी भरतंय.’’ तसं चालत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये थकबाकीदार अपात्र ठरतो, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की एकत्र कुटुंबातल्या, किंवा रूढीने मालमत्तेत वा राहण्यात एकत्र असलेल्या गटातल्या एकाने कर थकवला तर अपात्रता सगळ्यांना लागते. सुटका एकच: अर्ज भरायच्या दिवसाआधी पैसे भरून मोकळं व्हायचं. बिचाऱ्याने चारही भावांची सहा वर्षांची पट्टी एकट्याने भरली. निवडूनही आला. भाऊ अजून त्याला म्हणतात, ‘‘तुका निवडणूक लढवची होती म्हणान भरलस, आमच्यासाठी नाय.’’ खरंच आहे ते. पण पट्टी तर भरली गेली ना, बाबांनो!

आता लाईटबिल. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुकीचं इथेच बोललं जातं.

महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्यांनी लागतं. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, ५०० च्या वर चौथा. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा महाग. लोक काय समजतात? शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळी युनिटं महाग होतात. हा समज इतका पक्का आहे की आमच्याकडे महिनाअखेरीला सासूबाई फ्रिज बंद करतात. तसं नसतं. पहिली १०० युनिटं पहिल्याच दराने राहतात, वर गेलेल्या युनिटांनाच वरचा दर. त्यामुळे ‘‘तुमच्यामुळे आमचं सगळं बिल वरच्या दराने आलं’’ असं जे गावाकडचे आपण म्हणतो, ते चूक. मीही हे पाच वर्षं म्हणत होते. माफ करा.

पण ‘‘सरासरी काढा आणि दिवसांप्रमाणे वाटा’’ असं जे तुम्ही म्हणता, तेही पुरतं बरोबर नाही. गेल्या वर्षीचंच घ्या. २७ ऑगस्टला चतुर्थी, २ सप्टेंबरला गौरी-गणपतीचं विसर्जन. आमचं रीडिंग महिन्याच्या मध्याला होतं, त्यामुळे सगळा उत्सव एकाच बिलात आला. एरवी आमची ९० युनिटं होतात. त्या महिन्यात ३४० झाली. म्हणजे वरची २५०. त्यातली १० पहिल्या टप्प्यात बसली, २०० दुसऱ्या आणि ४० तिसऱ्या. माणसं आणि दिवस धरून हिशेब केला तर आम्ही चौघं तीस दिवस म्हणजे १२०, तुम्ही बाराजण सात दिवस म्हणजे ८४. एकूण २०४ पैकी ८४, म्हणजे तुमच्या वाट्याला ३४० मधली १४० युनिटं येतात. माझ्या हिशेबाने २५०, तुमच्या हिशेबाने १४०. मधल्या ११० युनिटांवर आपण रात्री अकरापर्यंत भांडलो.

मी हट्ट धरत नाही. गणपती आमचाही आहे, खळ्यावरचे दिवे आमच्यासाठीही लागले होते, पंख्याखाली आम्हीही झोपलो. मधला कुठलाही आकडा चालेल. फक्त वीज कुठे जाते ते एकदा कळू द्या, कारण आपण भांडतो भलत्याच गोष्टीवरून. मोठ्या जाऊबाई मुलांच्या मोबाईल चार्जिंगवरून ओरडतात. एका युनिटात मोबाईल चाळीसएक वेळा भरतो. बाराजणांनी सात दिवस रोज चार्ज केला तरी दोन-सव्वादोन युनिटांच्या वर जात नाही. आणि न्हाणीघरातल्या बादलीत सोडलेला तो पाणी तापवायचा रॉड? १५०० वॅटचा, तासाला दीड युनिट. पहाटे पाचला सुरू झाला की सगळ्यांच्या आंघोळी होईस्तोवर दहा वाजतात. रोजची साडेसात, सात दिवसांची ५२. भजनासाठी खळ्यावर लावलेले दोन हॅलोजन, ५०० वॅटचे, सहा सहा तास: ४२. विहिरीचा पंप २१. पंखे साठेक. शेजाऱ्यांकडून आणलेला जादाचा फ्रिज १४. अशी १९० युनिटं मी कागदावर शोधून काढली. उरलेली साठ लायटिंगच्या माळा, मिक्सर, टीव्ही आणि इस्त्रीत गेली असणार. न्हाणीला चूल आहे, लाकडं परड्यात पडून सडतात. पण धुराने डोळे चुरचुरतात म्हणे.

आणखी एक. घर बारा महिने बंद ठेवलंत, एक बल्ब लावला नाहीत, तरी बिल शून्य येत नाही. स्थिर आकार दर महिन्याला लागतोच, वर १६ टक्के वीज शुल्क. बंद घरांचे सहहिस्सेदार हे विसरतात आणि वर्षाने एकदम थकबाकी बघून मीटर सदोष असल्याची तक्रार करतात. पलीकडच्या वाडीत अशाच एका घराला नोटीस आली. वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे वीज तोडायच्या आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती दिली गेली, म्हणजे बंद दाराच्या कडीला अडकवली गेली. चतुर्थीला चार कुटुंबं येऊन बघतात तर घरात अंधार. आरती गॅसबत्तीवर. चारही भावांनी एकमेकांना विचारलं, ‘‘तू नाय भरलस?’’

आता आमच्या बाजूचं. वर्षभर राहणाऱ्यांचंही काही चुकतं, ते आम्हीच सांगितलेलं बरं. आम्ही घरात भाडं न देता राहतो. नारळ आम्ही खातो, काजू आम्ही विकतो. गेल्या मे महिन्यात काजूचे किती आले, हे मी वहीत लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. विहिरीच्या पंपाने सुपारीला पाणी जातं, ती सुपारी सामाईक, पण पंपाची युनिटं मी ‘घरखर्च’ म्हणून तुमच्यात वाटली आणि सुपारीचे पैसे वाटले नाहीत. हे आमच्या नवऱ्याला मी आजच सांगितलंय. तो वाचेल तेव्हा रागावेल.

पण मग हेही लिहा की तौक्ते वादळाच्या रात्री, मे २०२१ मध्ये, माजघरावरची कौलं उडाली तेव्हा ताडपत्री धरून कोण उभं होतं. ताडपत्रीचे पैसे कोणी मागितले नाहीत, कोणी दिले नाहीत. आठ दिवस वीज नव्हती, तेव्हा बिलाचा प्रश्नही नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी शाकारणी करावी लागते. कौलं उतरवायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, फुटकी कौलं वेगळी काढायची, कोने बसवायचे. त्यासाठी माणसं शोधायची, त्यांना दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण. वाळवीवर लक्ष ठेवायचं. तुमच्या खोलीचं कुलूप पावसात गंजतं, त्याला तेल घालायचं. हे कुठल्या बिलात येतं?

आणि स्वयंपाक. गेल्या गणपतीत अडीच सिलिंडर लागले, १४.२ किलोचे. ते पैसे तुम्ही न कुरकुरता दिलेत, खरं आहे. पण सिलिंडर आपोआप शिजवत नाही. सोळा माणसांचं सात दिवस, वर रोज रात्री भजनाला येणाऱ्या तीस जणांची उसळ आणि चहा. मुंबईहून आलेल्या जावा मदत करतात, नाही असं नाही. पण त्या पाहुण्या असल्यासारखी मदत करतात, डबे कुठे आहेत हे विचारत. मला या कामाचे पैसे नकोत. वाटणीच्या चर्चेत बायकांना बोलायला बसवा, एवढंच हवंय. बिलाचं भांडण पडवीत पुरुष करतात. रॉड किती तास चालला हे मात्र न्हाणीघराशी बसलेल्या बाईलाच माहीत असतं.

आमच्या घरापुरतं मी असं ठरवलंय, कोणाला पटलं तर घ्या. घर उभं राहायला जे लागतं ते हिश्शाप्रमाणे: घरपट्टी, मीटरचा स्थिर आकार, शाकारणी, वाळवीचं औषध. मग तुम्ही वर्षभर या किंवा येऊ नका. घरपट्टी ११४० रुपये आहे, तिचे पाच भाग केले की प्रत्येकी २२८. होय, पाच. आत्यांना मी फोन केला आणि त्यांच्या वाट्याचे २२८ मागितले. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, ‘‘पावती पाठव हां.’’

वापराचं ते वापरणाऱ्याने: युनिटं, गॅस. पाणीपट्टी आमच्याकडे नळामागे वर्षाला ठरलेली आहे, १२०० रुपये. ती आम्ही भरू, कारण नळ वर्षभर आम्हीच सोडतो. काजू, नारळ, सुपारी विकून जे येईल ते पहिल्यांदा शाकारणीला. उरलं तर वाटू, न उरलं तर वही दाखवीन. नावाचं म्हणाल तर मीटरला आजोबांचंच नाव राहू दे असं मी म्हणणार नाही. अर्ज करू. कोणाचंही लावा, फक्त सगळ्यांच्या सह्यांचा कागद सोबत असू दे. म्हणजे उद्या कोणाला ग्रामपंचायतीतून उलट तपासणी करायला नको.

यंदा एक अडचण आहे. चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि आमचं रीडिंग पुन्हा त्याच सुमाराला होणार. म्हणजे उत्सवाचे दोन तुकडे होऊन दोन बिलांत जातील आणि गेल्या वर्षीसारखी वजाबाकी जमणार नाही. म्हणून १२ तारखेला तुमच्यातला पहिला माणूस उतरला की त्याने आधी मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. शेवटचा माणूस निघताना दुसरा फोटो. मी काढणार नाही, नाहीतर म्हणाल आकडा बदलला. ग्रुप सोडून गेलेल्यालाही परत घेतलंय, त्याने अजून उघडून बघितलेलं नाही.

तिकिटं मिळाली का ते कळवा. तुतारी एक्सप्रेसची वेटिंग लिस्ट वाढतेय असं ऐकते.

तुमची,
गावच्या घरातली धाकटी सून

ता. क. रॉड माळ्यावर ठेवून दिलाय. परड्यातली लाकडं फोडून न्हाणीजवळ रचलीत. पहिली बादली मोठ्या भावोजींची.